जिन्यातून आलेला आकडा

१

खाली माझं चष्म्याचं दुकान, वर आमचं घर, आणि मधे एक अरुंद जिना. हा जिना भलता चुगलखोर आहे. खाली गिऱ्हाईक कुजबुजलं तरी वर बायकोला ऐकू जातं, आणि वर तिनं दुधावर झाकण ठेवलं तरी खाली मला कळतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्हाला एकमेकांपासून काही लपवता आलेलं नाही. त्याचं श्रेय प्रेमाला द्यावं की जिन्याला, हे मी अजून ठरवलेलं नाही.

बायको गणिताची मास्तरीण. निवृत्त झाली, पण मास्तरकी काही सुटली नाही. रस्त्यानं जाताना गाडीचा नंबर दिसला की ही तो फोडते. फोडते म्हणजे, त्याला कोणत्या आकड्यानं पूर्ण भाग जातो ते शोधते. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा मी मोठ्या ऐटीत घराचा नंबर सांगितला, तर ही म्हणाली, "तेरानं जातो." कोण जातो, कुठे जातो, मला काही कळेना. मी आपलं म्हटलं, "जाऊ दे." तेव्हापासून आमचं बरं चाललं आहे.

गेली दहा-अकरा वर्षं ती एकाच आकड्याच्या मागे होती. दोनशे अकरा अंकी आकडा. असे अगडबंब आकडे फोडायचा नाद असलेली माणसं जगभर आहेत आणि त्यांची एक मंडळी आहे. मंडळी ज्याला त्याला एकेक आकडा वाटून देते, आणि ज्याचा त्यानं तो फोडत बसायचा. फोडून काय मिळतं, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही शब्दकोडं सोडवता त्याचं काय मिळतं?" मी पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी शटर ओढलं की मी वर येतो. मागच्या खोलीत खिडकीशी दोन खुर्च्या, आणि समोर टेबलावर तिचा जुना कॉम्प्युटर. तिनं स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम त्यात दिवसरात्र भाजक शोधत असायचा आणि पंखा घरघरत असायचा. एकदा वीज गेली तेव्हा त्या यंत्रानं आकड्यातला एक अंक गिळला होता. तेव्हापासून बाईंचा हुकूम होता, रोज पडताळा. मी पडद्यावरून पाच-पाच अंक वाचायचे आणि तिनं ते पाठ असलेल्या आकड्याशी ताडून माझ्यामागून म्हणायचे. मधे कुणी बोलायचं नाही. बोललं की पहिल्यापासून. पाचाचे सगळे गट संपले की शेवटी एक अंक एकटाच उरतो, सात. तो दोघांनी एकदम म्हणायचा. मग ती विचारणार, "झालं का हो?" मी म्हणणार, "झालं." मग चहा.

माझ्या खुर्चीवर फोमची जाड गादी आहे. मी उठलो की ती दबलेली गादी सावकाश, फुस्स करत वर येते. बायको म्हणते, "सुटली बिचारी एकदाची."

२

बायकोची नजर जाते आहे. डोळ्याच्या पडद्यावर अगदी मधोमध डाग पडला आहे. कडेचं सगळं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलेलं. माझा चेहरा बघायचा तर तिला माझ्या कानामागच्या भिंतीकडे बघावं लागतं. "लग्नात तुमच्याकडे असंच चोरून बघितलं होतं," असं म्हणून ती हसते. मला हसू येत नाही. गावभराच्या नाकावर मी चष्मे चढवले, आणि घरच्या माणसाला देण्यासाठी माझ्या कपाटात काच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी तिच्यापेक्षा बराच मोठा. त्यात छातीतली एक झडप कुरकुरते आहे. मूलबाळ नाही. औषधाच्या बाटलीवरचं नाव, वर्तमानपत्र, पोस्टानं आलेला कागद, सगळं मी वाचणार तेव्हा तिला कळणार. माझ्यामागं हिला कोण वाचून दाखवील? हा एकच प्रश्न मला जेवताना, झोपताना टोचत असे. ती काही कमकुवत बाई नाही, पण अंधारात एकटी बसलेली ती मला बघवली नसती, आणि तेव्हा बघायला मी नसणार होतो, याचाही राग यायचा.

आणि मग एका संध्याकाळी आम्ही पडताळा करत होतो. मी म्हटलं, "शून्य सहा तीन आठ दोन." ती म्हणाली, "शून्य सहा तीन आठ दोन." आणि मी पुढचा गट वाचायला तोंड उघडलं तेवढ्यात कुणीतरी तिसऱ्यांदा म्हटलं, शून्य सहा तीन आठ दोन.

आवाज बारीक होता, मागच्या बाकावरून कुणी दबकत म्हणावं तसा. नियम मोडायचा नाही म्हणून मी वाचत राहिलो. तीही म्हणत राहिली. पुढे पुन्हा तसं काही झालं नाही. "झालं का हो?" "झालं." चहा पिताना मी सहज विचारलं, "तू मधे एकदा दोनदा म्हणालीस का गं?"

"मी कशाला म्हणू? तुम्हीच म्हणालात. मला वाटलं, म्हाताऱ्याची जीभ अडखळली."

मी म्हटलं, असेल.

३

मी काच घासून पोट भरणारा माणूस. सावली दिसली की आधी काचेवर डाग आहे का ते बघतो, मग भुताचा विचार करतो. मी मनात यादी केली. जिना आवाज परत फेकतो. शेजारी रेडिओ असतो. पंखा घरघरतो, आणि घरघरीत माणसाला हवं ते ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी मी जिन्याचं दार लावलं, खिडकी लावली, आणि वाचायला बसलो. त्याच जागी, त्याच पाच अंकांनंतर, तोच आवाज. मग मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवलं, ती माझ्यामागून म्हणत गेली. तिसरं कुणी काही म्हणालं नाही. ओळखीच्या दुकानदारांचे फोन नंबर वाचले, तेव्हाही शांत. "आज काय शाळा काढलीत?" ती म्हणाली. आवाज येत होता तो फक्त त्या आकड्यातून, आणि हळूहळू तो त्या एका गटापुरता राहिला नाही. पुढच्या गटालाही येऊ लागला, मग त्याच्याही पुढच्या. नवं पोर पाढे शिकतं तसा तो रोज थोडा पुढे सरकत होता.

तिला मी काही सांगितलं नाही. तीही काही बोलली नाही, पण मी पाहिलं, गट म्हणून झाला की ती आता जराशी थांबत होती. तिसऱ्यालाही वेळ मिळावा एवढीच.

त्या सुमारास तिची भाची आली. पोरगी प्रयोगशाळेत रक्त तपासते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी आमचं रक्त आणि कॉम्प्युटर दोन्ही बघून जाते. दुकानात माझ्या बोटाला सुई टोचत ती म्हणाली, "काका, चेहरा का उतरलाय?"

मी अगदी हळू म्हटलं, "माझ्यामागं तुझ्या मावशीला कोण वाचून दाखवेल, एवढंच डोक्यात येतं."

"मी आहे ना."

"तू आहेस, पण तू आहेस तिकडे. रोज संध्याकाळी कोण?"

तिनं माझ्या बोटावर कापूस दाबला. वर भांड्याचा आवाज येत होता, तो थांबला होता. जिना आहेच आपला.

संध्याकाळी भाचीनं फोनवर मंडळीचं पान उघडलं आणि आनंदानं ओरडली, "मावशी, तुझा आकडा फुटलाय! तीन वर्षं झाली. कुणीतरी फोडलाय. तू अजून कशाला डोकं फोडतेस?"

बायकोच्या हातातला कप बशीवर टेकला. "शक्य नाही," ती म्हणाली. "ते भाजक मला सांग." भाचीनं ते यंत्रात टाकले. आमच्या आकड्याला त्यांच्यातल्या एकानंही भाग जाईना.

"फोनवरचा आकडा वाच," बायको म्हणाली. "पाच-पाच."

पोरगी वाचत गेली, मावशी मागून म्हणत गेली. मधे कुणी बोललं नाही. आणि एका जागी पोरगी म्हणाली, "शून्य सहा आठ तीन दोन," आणि बायको म्हणाली, "शून्य सहा तीन आठ दोन."

दोघी थांबल्या. मी खिडकीकडे बघत राहिलो.

४

चूक कशी झाली ते आम्हाला तिथल्या तिथे कळलं. ही चूक आमच्याच घरात होऊ शकते. आकडा आला तेव्हा इंटरनेट फक्त दुकानात होतं आणि बाईंचं यंत्र वर. मी खाली पडद्यावरून वाचून जिन्यात ओरडायचं आणि तिनं वर उतरवून घ्यायचं. उतरवून झाल्यावर तिनं जुन्या मास्तरी पद्धतीनं तपासलं होतं: सगळ्या अंकांची बेरीज करायची, नवानं भागायचं, आणि दोन्हीकडची बाकी जुळते का बघायची. जुळली. जुळणारच. दोन अंकांची अदलाबदल झाली तर बेरीज कशी बदलेल? ही गोष्ट ती दरवर्षी पोरांना सांगायची, आणि स्वतः मात्र बाकी जुळली म्हणून निर्धास्त झाली.

"तुम्ही उलटं वाचलंत," ती म्हणाली.

"मी आठ तीन म्हटलं होतं. ओरडलो होतो. मला आठवतंय."

"मला तीन आठ ऐकू आलं. माझे कान तेव्हाही चांगले होते आणि आताही आहेत."

यावर आमचं आजही एकमत नाही. मी खाली आठ तीन म्हटलं आणि वर तीन आठ पोचलं. मधे फक्त जिना होता.

भाची समजूत घालू लागली, जाऊ दे मावशी, दुसरा आकडा घे. बायको ऐकत नव्हती. ती तिच्या त्या तिरक्या नजरेनं पडद्याच्या कडेकडे बघत होती. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आपला आकडा तो नव्हे. मग इतकी वर्षं आपल्याकडे राहतोय तो कोण?"

भाचीला तो विनोद वाटला.

"नीट ऐक," बायको म्हणाली. "चुकून लिहिलेला आकडा असा नसतो. तू डोळे मिटून कोणताही आकडा लिही, तो सातनं, सतरानं, लहानसहान कशानंतरी फुटतो. शंभरातले दोन-तीनच इतका मार सहन करतील. मी याला इतकी वर्षं झोडपतेय आणि याला साधा चरा गेला नाही." मग ती स्वतःच्या कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई! चाचणी!"

ही चाचणी साधी आहे, म्हणजे तिच्या मते. त्यात आकडा फोडावा लागत नाही. ठरावीक गुणाकार-भागाकार करायचे आणि शेवटची बाकी बघायची. एक सोडून दुसरं काही उरलं तर आकडा नक्की फुटतो. कशानं ते चाचणी सांगत नाही. दारावर थाप मारल्यावर आत माणसं आहेत एवढं कळावं, किती आणि कोण ते कळू नये, तसं. मंडळीनं ती चाचणी त्यांच्या खऱ्या आकड्यावर केली होती, म्हणून आम्ही ती पुन्हा केली नव्हती. आणि आमचा आकडा मुळात तो नव्हताच.

चहाचं आधण येईपर्यंत निकाल आला. मी वाचून दाखवला. बाकी एक.

तिनं मला तो पुन्हा वाचायला लावला. मग तिनं आणखी दोन-तीन तऱ्हांनी यंत्राला विचारलं, आणि दर वेळी उत्तर तेच. आमचा आकडा फुटत नव्हता. फुटणार नव्हता. शाळेच्या भाषेत मूळ संख्या: त्याला भाग जातो एकानं आणि त्याचा त्यालाच. आत दुसरं कुणी नाही. अकरा वर्षं ती एका भिंतीत दार शोधत होती.

मला वाटलं, आता ही खचणार. मी तिचा हात धरला. तो हलत होता. मग कळलं की ती हसते आहे. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "बिचारा," ती म्हणाली. "मी आपली फोडतेय, फोडतेय, आणि हा एकटा जीव गप्प बसून मार खातोय. एका अक्षरानं तक्रार नाही. आणि जाणार तरी कुठे? जगात आपल्याशिवाय कुणाला ठाऊकसुद्धा नाही तो." तिनं चाचपडत बटण शोधलं आणि प्रोग्रॅम बंद केला.

पंखा थांबला. ती खोली मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा शांत ऐकली. भाची कप घेऊन आत गेली होती. आम्ही दोघं बसलो होतो, आणि टेबलापलीकडून अगदी सावकाश, न चुकता, सगळा आकडा पहिल्यापासून कुणीतरी म्हणायला सुरुवात केली. माझ्या यादीतला पंखा मी तेव्हा खोडला.

बायकोनं माझा हात दाबला. मधे बोलायचं नाही म्हणून.

५

त्यानंतरच्या आठवड्यात मी तिचे डोळे तपासले. माझी तपासणीची खोली लहान आहे, पुरेसं अंतर मिळत नाही. म्हणून अंकांचा तक्ता रोग्याच्या डोक्यामागच्या भिंतीवर, उलटा छापलेला, आणि समोर आरसा. रोगी आरशात बघून वाचतो. तक्त्याशेजारी खिळ्याला दोरीनं छडी टांगलेली असते. बाईंना जुने तक्ते पाठ झालेले असणार, तेव्हा त्या सकाळी मी नवा कोरा तक्ता लावला होता. तिनं तो कधी पाहिला नव्हता.

पहिली ओळ तिनं अर्धवट वाचली. दुसरी जमली नाही. मी मनातल्या मनात हताश झालो आणि कागदावर लिहायला वळलो. तोच ती वाचू लागली. तिसरी ओळ, चौथी, मग सगळ्यात खालची, जी धडधाकट तरुण माणसालाही डोळे बारीक करून वाचावी लागते. एकेक अंक बरोबर.

माझ्या अंगावर आधी आनंदाचा काटा आला. "अगं, दिसतंय तुला! दिसतंय की!"

"मला कुठे दिसतंय?" ती सहज म्हणाली. "तो म्हणतोय, मी मागून म्हणतेय."

मी आरशात बघितलं. खुर्चीत ती बसलेली, तिच्यामागे तक्ता, तक्त्याशेजारी छडी. छडी हलत होती. वाऱ्यानं हलते तशी नाही. तिचं टोक खालच्या ओळीत एका अंकाखाली थांबायचं, मग पुढच्या अंकाखाली जाऊन थांबायचं, अगदी मी धरतो तसं. मी गर्रकन मागे वळलो. छडी खिळ्यावर होती. दोरीला तेवढे पीळ पडले होते आणि ते सावकाश उलगडत होते.

"तो कोण?" मी विचारलं. माझाच आवाज मला परका वाटला.

"काय सांगू आता. समोर बघितलं की नसतो. कडेला असतो." मग माझ्या चेहऱ्याची कल्पना येऊन ती म्हणाली, "अहो, घाबरता काय असे? घरचाच आहे."

अशा रोग्यांना नसलेली माणसं दिसतात, हे आमच्या पुस्तकात छापलेलं आहे. रिकामी जागा मेंदू आपल्या परीनं भरतो. तिला तो दिसतो एवढ्यापुरतं ते पुरेसं होतं. पण छडी मी बघितली होती, आणि माझ्या डोळ्यात डाग नाही. शिवाय आणखी एक गोष्ट मला त्या दिवसांत टोचू लागली होती. तो आवाज आता पहिल्यासारखा बारीक राहिला नव्हता. त्याला थोडी खरखर आली होती. 'सहा' म्हणताना तो 'हा' जरासा ओढत होता, आणि तसा ओढणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला आहे, दाढी करताना, आरशात.

मी तिला सांगितलं, पडताळा बंद. आकडा फुटणार नाही हे सिद्ध झालं, आता वाचायचं कशाला?

"फोडायला नाही," ती म्हणाली. "सोबतीला."

"सोबतीला मी आहे."

ती माझ्या कानामागच्या भिंतीकडे, म्हणजे माझ्याकडे, खूप वेळ बघत राहिली. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, आणि म्हणूनच मी चिडून खाली निघून आलो.

६

मग मी संध्याकाळी दुकानातच रेंगाळू लागलो. नाकपट्ट्या बदल, स्क्रू आवळ, पुसलेल्या काचा पुन्हा पूस. कामचुकार माणसाला कामं कमी पडत नाहीत. खरं कारण मला ठाऊक होतं. मला वर जायची भीती वाटत होती, आणि ती तिथे एकटी बसली आहे या विचारानं आतडं तुटत होतं. दोन्ही एकाच वेळी. शेवटी एका संध्याकाळी मी स्वतःला शिव्या घातल्या, शटर ओढलं, आणि ठरवलं की आज वाचायचं. तिला हवंय ना, मग भुताच्या मांडीला मांडी लावून वाचायचं.

जिन्याच्या वळणावर आलो आणि थबकलो. वर मी वाचत होतो.

"चार एक नऊ नऊ सहा." मागून तिचा आवाज, "चार एक नऊ नऊ सहा." पुन्हा माझा. माझीच खरखर, माझाच ओढलेला 'हा'. फक्त मला हल्ली मधेच लागतो तो दम त्या आवाजाला लागत नव्हता.

मी पायरीवर बसलो. पहिला विचार भीतीचा आला नाही, हे कुणाला पटणार नाही. पहिला विचार आला तो हा, की आता बोललो तर यांना पहिल्यापासून म्हणावं लागेल. भीती त्यानंतर आली. तिला कळत नसेल का? मी समजून ती त्याच्याशी... आणि मग मी खरंच मेलो तर तिला कळेल तरी का? की मी आधीच... मी छातीवर हात ठेवला. झडप कुरकुरत होती. इतक्या प्रेमानं मी ती कुरकूर कधी ऐकली नव्हती.

वर गटामागून गट जात होते. शून्य सहा तीन आठ दोन आलं आणि गेलं. तो वाचत होता तिला आवडतं तसं, घाई न करता. तिचा आवाज कसा होता म्हणाल, तर निवांत होता. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात एखादीच हुशार पोरगी थांबली असेल, तेव्हा ती अशी बोलायची. मी जिन्यात बसून ऐकत राहिलो, आणि मला रडू येत होतं, आणि घामही फुटला होता.

शेवटचा गट संपला. उरला तो एकटा अंक. तो दोघांनी एकदम म्हणायचा.

"सात," ती म्हणाली. "सात," तो म्हणाला. आणि इतक्या वर्षांची सवय कुठे जाते, खाली अंधारात माझे ओठ हलले. "सात."

वर एकदम शांत झालं.

"झालं का रे?" तिनं विचारलं. मला ती कधी 'रे' म्हणत नाही.

"झालं," माझा आवाज म्हणाला.

"मग जा, दार उघड त्यांना. जिन्यात बसलेत मघापासून. गार पायरीवर किती वेळ बसतील, छातीचं दुखणं आहे."

मी धडपडत उभा राहिलो. पळायचं असतं तर खाली पळता आलं असतं. पण ती वर होती. वरच्या दाराची कडी आतून निघाली. दार उघडलं, नेहमीसारखं, थोडं अडकून.

ती मागच्या खोलीत खिडकीशी तिच्या खुर्चीत बसलेली होती, दारापासून चांगली लांब. संध्याकाळचा उजेड तिच्या कुशीत पडला होता. मधे कुणी नव्हतं. तिनं तोंड माझ्याकडे फिरवलं आणि मला बघण्यासाठी नजर जराशी बाजूला नेली, आणि बाजूला जे असेल त्याच्याकडेही बघून हसली.

"बघितलंत?" ती म्हणाली. "सगळं येतं त्याला आता. खाली बसून पोरीपाशी कुजबुजत होतात, माझ्यामागं कोण, माझ्यामागं कोण. मी ऐकलं. त्यानंही ऐकलं. तेव्हापासून मन लावून शिकतोय बिचारा. उगाच जीव जाळत होतात."

माझी खुर्ची तिच्या शेजारी होती, रिकामी. तिच्यावरची गादी मधे खोल दबलेली होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत सावकाश, फुस्स करत वर येत होती.

"या, बसा," ती म्हणाली. "तुमची जागा कुठे गेली नाही."

मी जाऊन बसलो. गादी गरम होती.